तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या, पेटी कुठली घेऊ? (बजेट १५००)

गोराईची_स्वाती
नमस्कार मंडळी, गोराई गावठाणात राहतो, मागे परसात जागा आहे. मार्च एंडला सफाळ्याहून चार गावठी पिल्लं आणली, चारही माद्या निघाल्या, आता सहा महिन्यांच्या झाल्या. आठवडाभर एकीचा तुरा लालभडक झाला होता आणि पाठीवर हात ठेवला की पंख पसरून खाली दबायची, मला वाटलं आजारी पडली. काल सकाळी पाण्याच्या पिंपामागे अंडं! मोठ्या लिंबाएवढं, अजून कोमट, वर रक्ताची बारीक रेघ. मुलगी ते मुठीत धरून घरभर फिरली. तर अंडी घालायला पेटी कुठली घेऊ, आणि खाणं बदलायचं का? बजेट १५०० च्या वर नाही, खाद्य धरून.

विरारचा_बाळा
अभिनंदन ताई! पेटीच्या नादी लागू नका, सरळ जाळीचा रेडीमेड पिंजरा घ्या, अंडी आपोआप पुढे घरंगळतात, मी साडेआठ हजारला घेतला, ४ वर्षं झाली कुठे गंज नाही. १८ माद्या आहेत माझ्याकडे, दुकानातलं अंडं घरात येत नाही.

सुमन_काकी
पेटी राहू दे गं, आधी खुराड्याखाली लाद्या घाल. गेल्या पावसाळ्यात घुशीने खालून माती उकरून एका रात्रीत माझ्या दोन तलंगा मारल्या, एक तर दोनचार दिवसांत अंड्यावर येणार होती. अजून सकाळी खुराडं उघडताना छातीत धडधडतं.

माटुंगा_टेरेस
कोंबडा नाही तर अंडी कशी काय घालतात?

विरारचा_बाळा
@माटुंगा_टेरेस कोंबडा पिल्लांसाठी लागतो हो, अंड्यासाठी नाही. माझ्याकडे एकही नाही.

माटुंगा_टेरेस
म्हणजे ही अंडी शाकाहारी धरायची का? आमच्या घरी यावरून रोज वाद.

सुमन_काकी
तो वाद दुसरीकडे घाला. स्वाती, कोंबडा मात्र आणू नकोस, पहाटे चारला आरवतो, आमच्या शेजारच्यांनी बोलणं टाकलंय.

परळची_व्हेट_स्टुडंट
ताई, रक्ताची रेघ पहिल्या एकदोन अंड्यांना येते, रोज यायला लागली तर दाखवा. खाली दबणं म्हणजे अंड्यावर आल्याची खूण, आजार नाही. मऊ सालीचं किंवा दोन बलकांचं अंडं आलं तरी घाबरू नका, शरीराची घडी बसायला वेळ लागतो. खाद्य मात्र बदला, ग्रोअरमध्ये (वाढत्या पिल्लांचं खाद्य) कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास असतं, लेअरमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) साडेतीन. वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, हवा तेवढा त्या स्वतःच खातात. चौघींना एक पेटी पुरते, फूट बाय फूट, पण बसायच्या दांडीपेक्षा खाली ठेवा नाहीतर रात्री त्यातच झोपून घाण करतील. आत लाकडी अंडं किंवा गोटा ठेवला की जागा कळते. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात धापा टाकायला लागल्या की साल पातळ होते, सावली आणि गार पाणी हवंच.

दहिसर_पोल्ट्री
खाद्याचं पोतंच घ्या, ५० किलो, सुटं महाग पडतं.

सुमन_काकी
चार कोंबड्यांना ५० किलो? दिवसाला अर्धा किलोसुद्धा जात नाही, तीन महिन्यांत दमट हवेने बुरशी धरते. मी आख्खं पोतं फेकलंय. सुटं ५ किलो घे.

दहिसर_पोल्ट्री
पोतं पाटावर ठेवलं की काही होत नाही. आमचं कधीच खराब झालं नाही.

चारकोपचा_नाना
मीपण म्हणतो पिंजरा घ्या. आणि शिंपल्या विकत कशाला, कोळीवाड्यात तिसऱ्यांची टरफलं ढिगाने पडलेली असतात, धुऊन भाजून कुटा. अंड्याची टरफलं घालणार असाल तर अगदी बारीक कुटा, अख्खी ओळखली की अंडी फोडून खायची सवय लागते, माझी एक मादी तशीच बिघडली.

गोराईची_स्वाती
सगळ्यांचे मनापासून आभार. पेटी, पिंजरा काहीच घेत नाही. सासूबाईंची मच्छीची जुनी बांबूची पाटी माळ्यावर होती, दहा वर्षं तिला मच्छी लागलेली नाही, उन्हात दोन दिवस तापवली आणि पेंढा घालून पिंपामागेच ठेवली, कारण कोंबडीला जागा तीच आवडलीये. आत पाट्याचा वरवंटा आडवा ठेवलाय. आज दुसरीनेही त्यातच घातलं, चोचीने पेंढा ओढून ओढून अंगाभोवती रचत होती, आम्ही खिडकीतून श्वास रोखून बघत होतो. लेअर सुटं ५ किलो आणलं, तिसऱ्यांची टरफलं सासूबाई कुटतायत. सुमन काकी, रात्री चौघी पडवीत डालग्याखाली असतात, खाली फरशी आहे. पण कोंबड्याचं नाही ऐकणार हं, उरलेल्या पैशात रविवारी सफाळ्याहून आणतेय, मुलीला पिल्लं बघायचीत.