खाणकामगारांची गोष्ट खाणीच्या गावातच चित्रित व्हावी का?

वाईकर:
काल 'बिली इलियट' (2000) पुन्हा पाहिला. 1984-85 चा ब्रिटनमधला खाणकामगारांचा संप, त्यात होरपळणारं एक घर आणि बॅलेचा ध्यास घेतलेला पोरगा. गोष्टीतलं गाव कल्पित, पण चित्रीकरण डरहॅम परगण्यातल्या ईझिंग्टन या खऱ्या खाणगावात. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या त्या ओळी सेटवर उभ्या राहत नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे, खाणीवरचा चित्रपट खाणीच्या गावातच काढावा. आमच्या वाईत 'गंगाजल'चं चित्रीकरण झालं, बिहार म्हणून. ओळखीचा कोपरा दिसला की माझं गोष्टीतलं लक्षच उडतं.

मिरजकर:
असहमत. तुमचं लक्ष उडतं कारण तुम्ही वाईचे. मला कुठे काय खटकलं?
'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' (1941) ही वेल्समधल्या खाणगावाची गोष्ट. महायुद्धामुळे तिकडे जाता येईना, म्हणून कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात अख्खं गाव बांधलं. तिथली झाडं-फुलं रंगात वेल्सची वाटेनात, तर कृष्णधवल केला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शकाची नजर खरी हवी, माती कुठली का असेना.

कराडची लेक:
दादा, माती कुठली का असेना असं नका म्हणू. माझे बाबा बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत होते. ड्यूटीवरून आले की दोनदा साबण लावायचे, तरी पापण्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी रेघ राहायचीच. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मेकअपवाला चेहऱ्यावर काळं फासतो, ती रेघ त्याला सुचत नाही.
पण वाईकरकाका, ईझिंग्टनची खाण 1993 लाच बंद पडली होती. खाणीतले प्रसंग नॉर्थम्बरलंडमधल्या एलिंग्टनला घेतले. तरीही चित्रपट खरा वाटतो, कारण गर्दीत गावचीच माणसं उभी होती. मला जागेपेक्षा ती माणसं महत्त्वाची वाटतात.

वाईकर:
ताई, रेघेचं वाचून गप्प झालो. पण ती माणसं मिळायला त्या गावातच जावं लागलं ना?
आणि गावालाही त्यातून काही मिळतं. पेनसिल्व्हेनियातलं एकली हे खाणगाव उघड्या खाणीसाठी पाडायचं ठरत होतं. तिथे 'द मॉली मॅग्वायर्स' (1970) चित्रित झाला आणि गाव वाचलं. आज ते संग्रहालय आहे.

मिरजकर:
त्याच एकलीत कोळसा फोडायच्या कारखान्याची भलीमोठी इमारत चित्रपटासाठी खोटी उभारली होती. चित्रीकरण संपलं तरी ती पाडली नाही. खऱ्या घरांच्या शेजारी खोटा कारखाना, आणि लोक दोन्ही बघायला जातात. मग कशाला भांडायचं?

कराडची लेक:
भांडायचं अशासाठी की मेणवलीत गेल्या दिवाळीत एक कुटुंब भेटलं. 'स्वदेस'चा घाट कुठला, म्हणून विचारत होतं. फोटो काढून निघालेही. घाट बांधणाऱ्या नाना फडणवीसांचा वाडा तिथेच आहे, त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांना परत फिरवलं आणि वसईहून आणलेली ती मोठी घंटा दाखवली.