चूक झाल्यावर रुग्णालय काय बोलले? : आपले अनुभव

जे.जे. रुग्णालयात १९८६ साली दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत कोणी कुठे डोळेझाक केली, हे उघडपणे लिहून ठेवले. बहुतेक चुकांच्या वाट्याला आयोग येत नाही. त्या वॉर्डात घडतात आणि वॉर्डातच मिटवल्या जातात. म्हणून या धाग्यात एकच विचारायचे आहे. उपचारात चूक झाली, किंवा होता होता राहिली, तेव्हा कोणी काय सांगितले आणि पुढे काय बदलले? रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, परिचारिका, सर्वांनी लिहावे. रुग्णालयांची व व्यक्तींची नावे कृपया देऊ नयेत.

रुग्णाचा मुलगा, सांगली जिल्हा

वडील ७१ वर्षांचे, मधुमेही, न्यूमोनियासाठी एका खासगी रुग्णालयात दाखल होते. सकाळी नऊला मी चहा घेऊन गेलो, तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता आणि ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते. साखर तपासली तर ३८. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले, थोड्या वेळाने वडील भानावर आले, आणि मला सांगण्यात आले, "या वयात असे होतेच." शेजारच्या खाटेवरील आजोबा मात्र हळूच म्हणाले, "सिस्टरांनी सुई दोनदा टोचली बघा."

मी केसपेपरच्या प्रती मागितल्या. "डिस्चार्जनंतर बघू," असे उत्तर मिळाले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे एका वकील मित्राकडून कळल्यावर मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. (रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ पासून राज्यातील खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे, ती तिथे लिफ्टशेजारी लावलेलीही होती, पण काळजीत असलेल्या माणसाचे भिंतीकडे लक्ष जात नाही.) तिसऱ्या दिवशी कागद हाती आले. इन्सुलिनच्या रकान्यात ७.३० ची नोंद होती आणि तिच्या वर, दोन ओळींच्या फटीत, वेगळ्या शाईने बारीक अक्षरात ७.०० ची नोंद बसवलेली होती. रात्रपाळीने डोस दिला, लिहायचे राहिले, पाळी बदलली आणि दिवसपाळीने तोच डोस पुन्हा दिला.

तो कागद मी वैद्यकीय अधीक्षकांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "दोनदा दिले गेले. आमची चूक झाली." ग्राहक आयोगात जाण्याची माझी तयारी झाली होती, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने तो मार्ग रुग्णांसाठी खुला आहेच. त्या वाक्यानंतर मी गेलो नाही. ज्यांना ते वाक्य ऐकायलाच मिळत नाही त्यांनी मात्र जरूर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिचारिका, शासकीय रुग्णालय, २२ वर्षे सेवा

वरचा अनुभव वाचून राहवले नाही, कारण त्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या जागी मी स्वतःला पाहते. एका रात्री आमच्या वॉर्डात ५६ रुग्ण आणि आम्ही दोघी होतो. इंजेक्शनची भुकटी विरघळवण्यासाठी ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची म्हणून अँप्यूल उचलली, फोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतली आणि केवळ सवयीने लेबल दिव्यासमोर धरले. पोटॅशियम क्लोराइड होते. ते तसेच थेट शिरेत गेले असते तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकले असते. सकाळी मी इन्चार्ज सिस्टरना सर्व सांगितले, कारण दोन्ही अँप्यूल सारख्या दिसत होत्या आणि एकाच ट्रेमध्ये होत्या. मला मेमो मिळाला; ट्रे तसाच राहिला. त्यानंतर असे काही घडले की मुली एकमेकींना सांगत, वर कळवत नसत. पुढे नव्या इन्चार्ज आल्या आणि पोटॅशियमच्या अँप्यूल लाल पट्टी लावून कुलपाच्या कपाटात गेल्या. त्याला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

डॉक्टर, मँचेस्टर (मूळचा कोल्हापूरचा)

मिड स्टॅफर्डशायर इथल्या सरकारी रुग्णालयातील रुग्णांच्या हेळसांडीवर चौकशीप्रमुख रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांवर असे कायदेशीर बंधन आले की उपचारात रुग्णाला गंभीर इजा झाली, तर ती रुग्णाला किंवा नातेवाइकांना आपणहून सांगायची, क्षमा मागायची आणि तेच लेखी द्यायचे. माझ्यावर ही वेळ प्रथम आली ती एक आजी रात्री न्हाणीघरात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा. "त्यांच्यासोबत कोणीतरी असायला हवे होते, आमच्यापैकी कोणी नव्हते," हे त्यांच्या मुलीला सांगताना माझ्या घशाला कोरड पडली होती. शिकत असताना वरिष्ठांनी बजावलेले असे, की माफी मागितली की खटला ओढवलाच. इथल्या कायद्यात नुसती क्षमा मागणे ही दोषाची कबुली ठरत नाही. तरीही लपवाछपवी इथेही होते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

रुग्णाची मुलगी, पुणे

आईच्या शस्त्रक्रियेनंतर नेमके काय बिघडले, हे विचारण्याचे बळ आमच्यात यायला ४ वर्षे लागली. नोंदी ३ वर्षेच ठेवल्या जातात, त्या आता नष्ट केल्या आहेत, असे रुग्णालयाने कळवले, आणि त्यात नियमभंगही नव्हता. माझ्याकडे औषधांची ११ बिले उरली आहेत. ती तारखेनुसार लावून, शेवटच्या ५ दिवसांत तिला काय काय दिले गेले, हे मी ओळखीच्या एका डॉक्टरांकडून समजून घेते आहे.