पँगाँगकाठी मेरकला मुक्काम : आई-बाबांना झेपेल का?

डोंगरवाट :
सप्टेंबरात लडाख. सोबत आई-बाबा, दोघंही साठीच्या पुढे. स्पांगमिकच्या तंबूंच्या गर्दीऐवजी पुढे मेरक गावात घरगुती राहावं म्हणतोय. काय काय बघावं लागेल?

सह्यवेडा :
आधी उंची बघा. लेह ३,५०० मीटर, तळं साधारण ४,२५०, आणि मधली चांग ला खिंड ५,३००च्या आसपास. म्हणजे रात्री दम लागला, तर लेहला उतरण्यासाठी आधी हजारेक मीटर चढायचं! खरी गोम इथे आहे. लेहला तीन रात्री काढा, मग वाटेतल्या तांगत्से गावात एक. ते मेरकपेक्षा खाली आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. चांग लाला मॅगी खात बसू नका. डबीतला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, लेहमधून भाड्याने सिलिंडर घ्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

बुलेटभाऊ :
टाकी वाटेतल्या कारूला फुल्ल करा. लुकुंगच्या अलीकडचा पागल नाला सकाळीच ओलांडा, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. परवान्यावर मेरक आणि चुशूल दोन्ही टाका, चार-पाच झेरॉक्स ठेवा. इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड हवं. परतायला चुशूल–त्सागा ला–लोमा–न्योमा असा सिंधूकाठचा रस्ताही आहे. लांब पडतो, पण त्सागा ला चांग लापेक्षा बराच बुटका, त्यामुळे वयस्कांना बरा. वाटेत रेझांग लाचं स्मारक लागतं (चीन युद्ध, १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊं पलटण).

ताकपिठलं :
घरातला संडास म्हणजे छागरा, कोरडा. वापरून झालं की फावडंभर माती टाकायची. पाणी ओतलं की खत कुजत नाही आणि वास सुटतो. प्लास्टिक, पॅड अजिबात नको, ते खत पुढे सातूच्या शेतात जातं. तळ्याचं पाणी खारं, पिण्याचं ओढ्याचं. आंघोळीचा हट्ट सोडा.
चीनबरोबरची ताबारेषा याच तळ्यावरून जाते, तेव्हा ड्रोन आणि छावण्यांचे फोटो बंद. २०२०च्या तणावानंतर मेंढपाळांची काही हिवाळी कुरणं बंद झाली. पश्मिना बकऱ्यांवर जगणाऱ्यांना तो मोठा फटका. गावात हा विषय चघळू नका. डिसेंबर २०२४मध्ये लष्कराने तळ्याकाठी उभारलेला शिवरायांचा ३० फुटी पुतळा मात्र तुम्ही बघणारच.

डोंगरवाट :
तांगत्सेलाच राहून मेरक एका दिवसात होईल?

सह्यवेडा :
आरामात. सकाळी सातला निघा, दुपारच्या वाऱ्याआधी तळं उरकून परत फिरा. आई-बाबांसाठी मी तरी हेच करेन.