शुगर आणि गारठलेले पाय : ग्वाल्हेरकरांनो, अनुभव लिहा

कोहरा उतरला, पारा चार-पाचावर आला की आपल्या लष्कर भागात घरोघरी एकच गाऱ्हाणं: दोन रजया घेतल्या तरी पाय बर्फ! काय उपयोगी पडलं, काय अंगाशी आलं, लिहा. गोळ्यांचे डोस मात्र इथे नकोत.

दौलतगंज
माझ्या पायांना हात लावून बायको म्हणते, "अहो, चांगले कोमट आहेत की!" मला मात्र ओल्या फरशीवर उभं असल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवला, १० ग्रॅम दाबाचा. अंगठ्याखाली तो वाकला तरी मला पत्ता नाही! न्यूरोपॅथी, म्हणजे शुगरने नसा बिघडलेल्या. पाय गरमच असतात, मेंदूला खबर चुकीची जाते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू आहे म्हणून व्हिटॅमिन बी-१२ पण तपासलं, तेही कमी निघालं.

कंपू
यजमानांचं उलट. पाय हातालाही गार लागायचे, डावा जास्त. पोटरीवरचे केस गेलेले. महाराज बाड्याच्या चौकापर्यंत चाललं की पोटरी भरून यायची, थांबलं की उतरायची. घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं समजतात. शुगरवाल्यांच्या वाहिन्या कडक झाल्या असतील तर आकडा फसवा चांगला येतो, म्हणून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफीही केली. बिडी सोडवताना घरात महाभारत झालं. आता डॉक्टरांनी सांगितलंय तसं चालतात: दुखलं की थांबायचं, उतरलं की पुन्हा निघायचं.

गजकप्रेमी
गजक खाल्लं की पाय गरम राहतात म्हणे?

कंपू
भाऊ, गूळच तो. शुगर तेवढी तापेल.

शिंदे की छावणी
सासूबाई सिगडीशी पाय शेकत बसायच्या. एका सकाळी चादर ओली दिसली म्हणून पाहिलं, तर टाचेला हा एवढा फोड फुटलेला. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं! जखम भरेपर्यंत होळी आली. तेव्हापासून सिगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी, पायांजवळ काही नाही. आंघोळीचं पाणीही सून म्हणून मीच कोपर बुडवून बघते. तळवे रोज रात्री बॅटरी लावून पाहायचे. त्या कुरकुरतात, पण दाखवतात.

फालका बाजार
मेळ्यातून घट्ट लोकरी मोजे आणले होते, इलास्टिकचा वळ सकाळपर्यंत जात नसे. आता आत सैल सुती, वर लोकरी. आतला मोजा उलटा घालते, शिवण टोचत नाही. आणि पांढराच घ्यावा, रक्ताचा डाग लगेच दिसतो. तेल लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको, ओल राहून बुरशी धरते.

नई सडक
माझं थायरॉईड निघालं. सगळं शुगरवर ढकलण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन बघून घ्या.

दौलतगंज
एक राहिलंच. शेजारच्या काकांचा एकच पाय रात्री अचानक गार पडला, पांढराफटक झाला, आणि दुखणं असं की ओरडायला लागले. पोरगा म्हणत होता सकाळी नेऊ. काकू ऐकेनात, कोहऱ्यातच गाडी काढायला लावली. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी अडकली की हिशेब तासांचा असतो. असलं काही झालं तर रजई शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.