जॉर्ज लेनीला सोडून का जात नाही?

कोरडीविहीर:
जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) ही छोटी कादंबरी नुकतीच वाचली. शेवटावर भरपूर चर्चा झालीय (ज्यांना वाचायचीय त्यांनी इथूनच परत फिरा). माझं अडलंय ते त्याआधीच. जॉर्ज आणि लेनी हे कामासाठी जोडीने हिंडणारे शेतमजूर. जॉर्ज चलाख. लेनी अंगाने आडदांड, डोक्याने पोर. त्याच्यापायी वीड गावातून पळावं लागलं, पाण्याच्या चारीत लपावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या सोलेडॅडजवळच्या रँचवर (मोठ्या शेतमळ्यावर) आले तरी धाकधूक आहेच. तू नसतास तर सुखात असतो, हे जॉर्ज त्याला तोंडावर ऐकवतो. लेनीची क्लारामावशी वारली म्हणून हा गळ्यात पडला, कबूल. पण मग सोडत का नाही? दया म्हणावी की सवय?

हिशेबी:
मला दोस्ती कमी, सोय जास्त दिसते. लेनी एकटा दोघांचं काम ओढतो. मालकही लगेच विचारतो ना, याचा पगार तू खातोस काय म्हणून!

बंक_तीन:
मालकाला तसंच वाटणार. जोडीने फिरणारे मजूर त्याने पाहिलेत कुठे? मी तरुणपणी आखातात लेबर कॅम्पात राहिलोय. एका खोलीत आठ जण आणि पाकीट उशीखाली. कादंबरीतलं, पलंगाच्या वर ठोकलेलं ते सफरचंदाचं खोकं मला लगेच दिसलं. साबण, रेझर, औषधं, सगळा संसार दोन कप्प्यांत.

उत्तर जॉर्ज रँचवरच्या स्लिम या कामगाराशी बोलतो तिथे आहे. पूर्वी तो लेनीची टर उडवायचा. सॅक्रामेंटो नदीकाठी पोरं जमलेली, म्हणून चेव येऊन म्हणाला, मार उडी. लेनीने मारली. पोहता अजिबात येत नव्हतं. कसाबसा बाहेर काढला, तर हा जॉर्जचेच आभार मानतोय! उडी मारायला कोणी लावलं, ते विसरलाच. तेव्हापासून जॉर्जने तसले खेळ बंद केले. आपली आगळीक ज्याच्या लक्षातच राहत नाही, त्याच्याशी हलकटपणा करणार तरी कसा?

आणि ती दोघांच्या स्वप्नातल्या जमिनीची गोष्ट. ससे, त्यांना लसूणघास. जॉर्जला तोंडपाठ, लेनीलाही बरीचशी, तरी दर वेळी 'सांग ना'. एकट्याने पत्त्यांचा पेशन्स लावत बसणाऱ्या माणसाने ती एकट्याने कोणाला सांगितली असती? जागा सहाशे डॉलरची. म्हातारा कँडी साडेतीनशे टाकायला तयार होतो, तेव्हा कुठे जॉर्ज तिचा खरा हिशेब मांडतो. पुढे कबूलही करतो की लेनीला ऐकायला इतकं आवडायचं, की मलाही खरं वाटायला लागलं. हिशेबी, याला सोय म्हणायचं तर खुशाल म्हणा.

ओसरी:
पटलं, पण लेनीच्या निरागसपणाचं फार कौतुक नको. आधी उंदीर, मग कुत्र्याचं पिल्लू, मग मालकाच्या पोराची, कर्लीची बायको. तिला तर लेखकाने नावही दिलेलं नाही. मऊ काही दिसलं की कुरवाळायचं, ते धडपडलं की घाबरून आणखी घट्ट धरायचं. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे तिच्या काय कामाचं?

बंक_तीन:
काहीच कामाचं नाही. पण त्याच भाबडेपणापायी तो तबेला सांभाळणाऱ्या क्रुक्सच्या खोलीतही शिरतो. काळा म्हणून क्रुक्सला गोऱ्यांच्या खोलीत मज्जाव, आणि त्याच्याकडे स्लिम नि मालक सोडले तर कोणी फिरकत नाही. लेनी का गेला? दिवा दिसला म्हणून.

कोरडीविहीर:
आणि क्रुक्स त्यालाच छळतो. जॉर्ज परत आलाच नाही तर? त्याला काही झालं तर? म्हणजे माझाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. लेनीला तो कळतच नाही. जॉर्जला कोणीतरी इजा केली एवढंच त्याला ऐकू येतं, आणि कोणी केली म्हणत तो उठून क्रुक्सच्याच अंगावर जातो.