मदत हवी आहे: नॅनोट्यूबची फिल्म वाकवली की विजेचा रोध वाढतोय

नमस्कार. मी ऐरोलीत राहते, एमएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट लवचिक सुपरकपॅसिटरचा (वीज साठवून झटपट देणाऱ्या साधनाचा) आहे आणि इलेक्ट्रोड म्हणून कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, फिल्म वापरतेय.

नॅनोट्यूब एसडीएसच्या (साबणासारखं रसायन) पाण्यात सोनिकेट करते, म्हणजे ध्वनिलहरींनी विखुरते, सेंट्रिफ्यूज करून वरचं काळं पाणी घेते आणि ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या सेल्युलोज एस्टर मेम्ब्रेनवर व्हॅक्यूमने गाळते. मग फिल्म पीईटीवर (लवचिक प्लास्टिकच्या शीटवर) दाबून मेम्ब्रेन ॲसिटोनमध्ये विरघळवते. सपाट असताना फिल्म इतकी सुरेख दिसते की हात लावायला जीव होत नाही.

पण पेनाभोवती वीसेक वेळा गुंडाळली की कडेला केसाएवढी चीर पडते आणि फोर-प्रोबवर (चार टोकांच्या रोधमापकावर) रोध जवळजवळ दुप्पट दिसतो. इलेक्ट्रोलाइट म्हणून पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि फॉस्फोरिक आम्लाची जेल लावली की कडा पापडासारख्या उचलतात. सध्याच्या पावसात जेल सुकतही नाही नीट.

एसडीएस उरलं तर नळ्यांच्या सांध्यांवर बसून रोध वाढवतं, हे माहीत आहे. म्हणून फेस थांबेपर्यंत गरम पाण्याने धुते. तरी चीर पडतेच, त्यामुळे मला फिल्मच्या पीईटीवरच्या पकडीचाच दोष वाटतो. नायट्रिक आम्लात बुडवून रोध उतरतो, पण तीव्र आम्ल पीईटीलाच खाईल ही भीती आहे.

पकड वाढावी म्हणून पीईटीवर आधी ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) दिल्याने कुणाची फिल्म टिकली आहे का? की पीईटी सोडून सरळ पीडीएमएसवर (रबरासारख्या सिलिकोनवर) जाऊ? ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे प्लाझ्मा क्लीनर तासभर वापरता येईल का? नमुने घेऊन मीच येईन, शनिवारीही चालेल. सबमिशनला पाच आठवडे उरलेत.