मदत हवी आहे: १५ तास कमी पडतात म्हणून मेडिकेड (कमी मिळकतीच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा) नाही (जॉर्जिया, अमेरिका)

माझ्या मोठ्या नणंदेसाठी विचारते आहे. ताई ५४ वर्षांच्या, अमेरिकन नागरिक, अटलांटाजवळ राहतात. गेल्या वर्षी त्यांचे यजमान अचानक गेले आणि त्यांच्या नोकरीवरचा विमाही बंद झाला. कोब्रा, म्हणजे नोकरीवरचा तोच विमा पुढे चालवायची कायद्याने दिलेली सोय, ३६ महिने चालू ठेवता येते, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. त्यात ताईंचा जवळजवळ सगळा पगार जाईल.

ताई एका देशी किराणा दुकानात महिन्याला साधारण ६५ तास काम करतात, तासाला १२ डॉलर. त्याहून जास्त जमत नाही, कारण घरी त्यांच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. शेजारच्या बाई दुपारी येऊन बसतात, तेवढ्याच वेळात दुकान.

जॉर्जियाने मेडिकेडचा विस्तार, म्हणजे कमी मिळकतीच्या सगळ्या प्रौढांना ते देणं, केलेला नाही. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते राज्यांच्या मर्जीवर आहे. त्याऐवजी केंद्राकडून नियमांत मोकळीक घेऊन राज्याने जुलै २०२३ मध्ये 'पाथवेज' ही स्वतःची अटींची मेडिकेड योजना सुरू केली. मिळकत दारिद्र्यरेषेच्या आत हवी, आणि महिन्याला ८० तास नोकरी, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवायची. ताईंना १५ तास कमी पडतात. सासूबाईंचं करण्यात जाणारे तास धरत नाहीत. त्यांना भरवायचं, दर काही तासांनी कूस बदलून द्यायची, रात्री उठायचं, हे काम नाही तर काय आहे?

मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातून घ्यायचा खाजगी) विमा घ्यावा तर अनुदान दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्यांनाच. २०२५ ची रेषा एकट्या माणसाला १५,६५० डॉलर, ताईंची वर्षाची मिळकत ९,३६०. दोन्हीकडून दार बंद.

ताईंना मधुमेह आहे. परवा कळलं की गोळ्या पुरवायच्या म्हणून त्या एक दिवसाआड घेत आहेत. आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

मंदिरात किंवा वाचनालयात आठवड्याला चार तास सेवा केली तर ते तास धरतात का? पत्र कोणाकडून लागतं? पाथवेजमध्ये प्रत्यक्ष असलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल. २०१८ मध्ये आर्कान्सा राज्यात मेडिकेडसाठी अशीच तासांची अट आली तेव्हा काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला होता. पुढे २०१९ मध्ये कोर्टाने ती अट थांबवली, तरी मला कागदपत्रांचीच धास्ती वाटते.

दुसरं, माझे दीर नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लटला आहेत. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२३ पासून विस्तार केला आहे आणि तिथे २०२५ च्या रेषेप्रमाणे एकट्या माणसाला वर्षाला साधारण २१,६०० डॉलरपर्यंत मिळकत चालते. २०२७ पासून नव्या केंद्रीय कायद्यामुळे ८० तासांची अट तिथेही येणार, पण अपंग माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना त्यातून सूट आहे. सासूबाईंना घेऊन तिकडे जावं का? या घरातून ताईंचा पाय निघत नाही, आणि मला त्यांना जोर करवत नाही.

प्रतिसाद १
आधी एक बघा. ताई कर भरताना सासूबाईंना अवलंबून म्हणून दाखवतात का? तसं असेल तर कुटुंब दोघांचं धरतात आणि रेषा २१,१५० होते. तास वाढवून १५,६५० गाठायचा विचार असेल तर तो हिशोब चुकेल. आणि गोळ्या अजिबात थांबवू देऊ नका. केंद्राच्या निधीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर विमा नसलेल्यांना तपासतात, फी मिळकत बघून घेतात. जाताना पगाराच्या पावत्या न्या.

धागाकर्ती
हो, दाखवतात! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हेल्थ सेंटरला उद्या सकाळीच फोन करते, ताईंना मीच घेऊन जाईन. सेवेच्या तासांबद्दल कोणाला माहीत असेल तर कृपया लिहा, मी वाट बघते आहे.